घंटेचे तिसरे घर

पणजीला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास सापडतो. वर निळे आभाळ, टेकडीच्या अंगाला टेकलेले पांढरेशुभ्र चर्च आणि त्याच्या पायाशी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळत वर चढलेला, दोन्ही अंगांनी सारखा असलेला जिना. समोर घरातलेच कुणीतरी हात पसरून उभे. फोटो दाखवता दाखवता तो माणूस सांगतो, "चारशे वर्षांपूर्वीचे आहे हं हे." मीही कितीतरी वर्षे पाहुण्यांना हेच सांगत आले. नंतर या वास्तूचा अभ्यास करायला बसले, तेव्हा कळले की आपण अर्धेच सांगत होतो.

चर्च १६१९ सालचे, हे खरे. पण फोटोत जे उठून दिसते, म्हणजे तो जिना आणि दर्शनी भिंतीच्या मधोमध उंच चढलेला घंटेचा मनोरा, ते दोन्ही १८७१च्या सुमाराचे आहे. तोवर मुंबई-ठाणे रेल्वे धावू लागून अठरा वर्षे झाली होती. या चर्चचा जो चेहरा जगाला पाठ आहे तो त्याच्या वयाच्या मानाने बराच तरुण आहे. आणि तो चेहरा का बदलावा लागला, याचे कारण एक घंटा आहे. ती या चर्चसाठी ओतलेली नव्हती. दुसऱ्या एका, मरून पडलेल्या मठाची ती घंटा, मध्ये तीस वर्षे एका किल्ल्यावर राहून इथे आली.

हे पुस्तक त्या घंटेमुळे सुचले. पणजीचे हे चर्च पाहताना मला सतत वाटत राहते की ही एक सांभाळणारी वास्तू आहे. आजूबाजूला जे जे उद्ध्वस्त झाले, ओस पडले, बेवारस झाले, त्यातले काही ना काही इथे येऊन थांबले आणि इथल्या रोजच्या उपासनेत पुन्हा कामाला लागले.

आधी नावाबद्दल. याचे पूर्ण नाव निष्कलंक गर्भसंभव मातेचे चर्च, पोर्तुगीजमध्ये नोसा सेन्योरा दा इमाक्युलादा कोन्सेसांव. पुष्कळांना वाटते की हा उल्लेख येशूच्या जन्माचा आहे. तसे नाही. मरियेच्या स्वतःच्या, तिच्या आईच्या पोटी झालेल्या गर्भधारणेविषयीची ही श्रद्धा आहे: मरिया आदिपापाच्या डागाशिवाय गर्भात आली, ही. पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी तिला अधिकृत धर्मसिद्धान्ताचे रूप दिले. पणजीच्या माणसांनी मात्र त्याच्या दोनशेहून अधिक वर्षे आधीच आपले चर्च या नावाने बांधले होते. रोमची मोहोर उमटण्याच्या कितीतरी आधीपासून मांडवीकाठच्या खलाशांच्या आणि माडी काढणाऱ्या रेंदेरांच्या तोंडी हे नाव होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गोव्यात आजही बोलताना कुणी एवढे लांब नाव घेत नाही. पणजीची इगर्ज म्हटले की पुरते, आणि आतली माता ती सायबीण.

पणजी तेव्हा शहर नव्हते. राजधानी वरच्या अंगाला, ज्याला आपण आज जुने गोवे म्हणतो तिथे होती. मांडवीच्या मुखाजवळ आदिलशहाचा वाडा, त्याच्या आसपास माडांच्या बागा, खाजण, मधून आत शिरलेली खाडी आणि मागे टेकडी, एवढीच पणजी. पण जागा मोक्याची. लिस्बनहून मार्चच्या सुमारास निघालेली गलबते आफ्रिकेला वळसा घालून सहा-सहा महिन्यांनी इथे पोचत. आग्वादचे टोक ओलांडून नदीत शिरले की राजधानी गाठण्यापूर्वी पहिली वस्ती लागे ती पणजीची. वाटेत तापाने, रक्तपितीने, वादळाने किती गेले याचा हिशेब त्या जहाजावरच्या प्रत्येकाच्या मनात ताजा असे. असा जगून वाचलेला खलाशी जमिनीवर पाय ठेवताच पहिल्यांदा गुडघे टेकायला जिथे जाई, ते देऊळ म्हणजे टेकडीवरचे हे लहानसे कापेल. १५४१ साली ते उभे राहिले.

१५४१ हे साल लिहिताना त्याच्या शेजारचे साल सोडून पुढे जाता येत नाही. १५४०च्या सुमारास तिसवाडी बेटावरची हिंदू देवळे पाडली गेली आणि लगोलग त्यांच्या इनामजमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कामाकडे वळवले गेले. गावोगावच्या देवता रातोरात नदी ओलांडून आदिलशाही मुलखात गेल्या. ताळगावची महालक्ष्मी अशीच मये गावात गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पणजीत परतली. आज तिचे देऊळ या चर्चपासून चालत काही मिनिटांवर आहे. चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पान गाळू नये, आणि चर्चवर राग असणाऱ्याने याच एका पानावर पुस्तक मिटू नये, असे माझे प्रामाणिक मत आहे. ज्यांनी देवळे पाडायचा हुकूम काढला ते आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला, लग्ने लावली, माणसे पुरली ते, हे दोन वेगळे लोक आहेत. दुसऱ्यांचे घर म्हणून मी या वास्तूकडे पाहते.

१६००च्या सुमारास इथे स्वतंत्र पॅरिश झाली. वसईकडचे मराठी ख्रिस्ती पॅरिशला धर्मग्राम म्हणतात, आणि तो शब्द फार नेमका आहे. पॅरिश चर्च म्हणजे तीर्थक्षेत्र नाही, बिशपांचे कॅथेड्रल नाही, मठाचे चर्चही नाही. एका ठरावीक वस्तीचे ते चर्च असते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेपासून प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूला बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवणे बंधनकारक झाले. वस्तीत मूल जन्मले की त्याचे नाव तिथे लागायचे, मोठे होऊन लग्न करताना पुन्हा तिथेच. जुन्या गोव्यातली बॉम जेझूस किंवा से कॅथेड्रल पाहताना दडपून जायला होते ते त्यांच्या आकाराने आणि अधिकाराने. पणजीच्या चर्चला तसला अधिकार कधीच नव्हता. ते गावाचे होते. गाव पुढे राजधानी झाले, चर्च मात्र पॅरिश चर्चच राहिले. आजही ते पॅरिश चर्च आहे.

लहान कापेल अपुरे पडू लागले तेव्हा १६१९ साली आजचे चर्च बांधले गेले. टेकडीच्या उतारावरच, त्याच जागी.

बांधकाम गोव्याच्या सगळ्या जुन्या चर्चसारखेच, जांभ्या दगडाचे. चिरेखाणीतून काढला तेव्हा चिरा मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. हवा लागली की तो कडक होतो. पण त्याला भोके असतात, आणि गोव्याचा पाऊस म्हणजे चार महिने आडवा-उभा झोडपणारा. उघडा चिरा ते पाणी पितो, शेवाळतो, झिजत जातो. म्हणून वर चुन्याचा जाड गिलावा हवाच, आणि गिलाव्यावर दर पावसाळ्यानंतर सफेदी. चुना इथलाच, शिंपले भाजून केलेला. आपण ज्याला चर्चचा पांढरा रंग म्हणतो ते मुळात या दगडाचे पावसाळी कवच आहे. पोर्तुगीज काळात पांढरा रंग फक्त चर्चने लावायचा आणि घरांनी पिवळा, निळा, तांबडा लावायचा, असा रिवाज होता असे पणजीत सांगतात. पणजीतल्याच फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून फिरताना ते पटतेही.

एकदा जिन्याच्या कठड्याचा एक टवका उडालेला दिसला. कुणाचे तरी सामान आदळले असावे. टवका बोटभर लांब, नखाएवढा खोल. वाकून पाहिले तर पापुद्र्यांवर पापुद्रे. वरचा ताजा पांढरा, त्याखाली किंचित पिवळट पांढरा, मग एक निळसर रेघ, पुन्हा पांढरे, पुन्हा पांढरे, आणि अगदी तळाशी गिलाव्याच्या वाळूत अडकलेला शिंपल्याचा एक चमकता कण. त्याच्याही मागे जांभ्याचा लाल ठिपका. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात तशी ही पावसाळ्यांची वलये. मी बोट फिरवले तर पांढरी भुकटी बोटाला लागली. दोन आठवड्यांनी फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, होते. त्याच्या आधी कुणीतरी येऊन तो टवका भरून, वर आणखी एक हात मारून गेला.

एवढी जीवापाड राखलेली वास्तू अडीचशे वर्षे बरीच साधी होती. मग तिला राजधानीचे दिवस आले, आणि त्यात मराठ्यांच्या इतिहासाचाही धागा आहे.

सतराव्या शतकात जुने गोवे आजाराने पोखरले होते. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत उतरे. साथ आली की वाड्यांमागून वाडे रिकामे होत. त्यात नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला. राजधानी तिथून हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, कोंद द आल्व्होर इतका हवालदिल झाला की त्याने संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या पायाशी ठेवला आणि राज्य त्याच्या हवाली केले. मराठी फौज माघारी गेली ती मुघलांचे सैन्य कोकणात उतरल्यामुळे, पण पोर्तुगीजांच्या मनातली भीती गेली नाही. लगेच राजधानी मुरगावला हलवायचे ठरले, बांधकामेही सुरू झाली. ते तडीस गेले नाही. पुढे १६९५ साली विजरईंनी पणेलीला मुक्काम हलवला, आणि १७५९ साली ते पणजीला, आदिलशहाच्या त्याच जुन्या वाड्यात राहायला आले. विजरई आले म्हणजे मागोमाग कचेऱ्या, अंमलदार, व्यापारी, सगळेच आले. १८२७ ते १८३५ या काळात विजरई दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु यांनी खाजण बुजवून, वाळूचे ढीग सपाट करून सरळ रस्त्यांचे शहर आखले. १८४३ साली राजाज्ञेने पणजी अधिकृत राजधानी झाली, नाव नोव्हा गोवा. शहर उभारायला लागणारा दगड कुठून आला? बराचसा जुन्या गोव्याच्या पाडलेल्या वाड्यांतून आणि मठांतून. एक शहर उसवून दुसरे शिवले गेले.

या उसवण्यातच आपली घंटा येते.

जुन्या गोव्यात मोंते सांतोवर, म्हणजे पवित्र टेकडीवर, ऑगस्टिनियन संन्याशांचा मठ होता. १६०२ साली पुरे झालेले त्यांचे चर्च, कृपामातेच्या नावाचे, गोव्यातल्या सर्वांत भव्य चर्चपैकी एक होते. त्याच्या दर्शनी भागात चार मजली मनोरा, सुमारे ४६ मीटर उंच. त्यावरच्या मोठ्या घंटेचे वजन सव्वादोन टन. १८३५ साली पोर्तुगालच्या सरकारने गोव्यातले धर्मसंघ बरखास्त केले. संन्यासी गेले, मठाला कुलूप लागले आणि गोव्याच्या पावसाने आपले काम सुरू केले. दुरुस्तीशिवाय जांभ्याची वास्तू किती टिकते, याचे उत्तर सात वर्षांत मिळाले. १८४२ साली चर्चची प्रचंड कमान आतल्या मूर्तीसकट कोसळली. १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज तिथे उरलेला अर्धा मनोरा एखाद्या वर केलेल्या हातासारखा उभा आहे. २००४ नंतर याच ढिगाऱ्यात पुरातत्त्व खात्याला जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले. इराणात १६२४ साली हुतात्मा झालेल्या या राणीचे अवशेष ऑगस्टिनियनांनी गोव्यात आणले होते. एवढा मोठा संसार त्या एका टेकडीवर होता.

घंटा मात्र ढिगाऱ्याखाली गेली नाही. कमान पडायच्या एक वर्ष आधी, १८४१ साली, तिला उतरवून आग्वादच्या किल्ल्यावर नेले होते. ज्या टोकाला वळसा घालून पूर्वी गलबते पणजीच्या कापेलकडे यायची, त्याच टोकावर ही मठाची घंटा तीस वर्षे राहिली. समुद्रावरच्या माणसांसाठी वाजत राहिली. १८७१ साली ती पणजीला आणली गेली. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, से कॅथेड्रलची, जिला सोन्याची घंटा म्हणतात.

आता अडचण अशी की सव्वादोन टन वजन टांगायला जुन्या दर्शनी भिंतीत जागा नव्हती. दोन्ही टोकांना असलेल्या बुटक्या मनोऱ्यांना हे वजन पेलले नसते. म्हणून मधोमध भिंत उंचावून, बळकट करून, एक नवा कमानीदार मनोरा चढवला गेला आणि त्यात ही घंटा बसवली. नीट पाहिले तर समोरून चर्चची बाह्यरेषा पायऱ्यापायऱ्यांनी मध्याकडे चढत जाते आणि घंटेच्या कमानीवरच्या क्रुसाशी संपते. सगळी नजर घंटेकडे जावी म्हणूनच जणू भिंत आखली आहे. आणि मग जिना. उंचावलेल्या दर्शनी भिंतीला शोभेल अशी चढण हवी होती, शिवाय उताराची माती धरून ठेवायला भक्कम भिंतीही हव्या होत्या. जिन्याने दोन्ही कामे केली. प्रत्येक टप्पा म्हणजे एक आधारभिंत आहे. तीवर कठडे लावून तिला देखणी केली आहे, इतकेच. पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराजवळ बॉम जेझूस दु मोंते या तीर्थस्थानी असाच डावी-उजवीकडे वळत चढणारा जिना आहे, अठराव्या शतकातला, पण तो पुष्कळ लांब आणि भाविकाला थकवणारा. पणजीचा जिना आटोपशीर आहे. म्हातारी बाई काठी टेकत, एकेका टप्प्यावर थांबत, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिसला, म्हणजे उपासनेला, चढून जाऊ शकते. मी पाहिले आहे.

मला विचाराल तर गोव्यातल्या बांधीव जिन्यांत याच्याइतका सुंदर दुसरा नाही. याहून भव्य चर्च गोव्यात डझनभर असतील. ताळावलीचे सांत आनाचे चर्च वास्तुकलेच्या दृष्टीने याच्या कितीतरी पुढे आहे, असे मी या पुस्तकातही लिहिले आहे. पण इमारत आणि उतार यांचा असा मेळ इतरत्र नाही.

आत गेल्यावर मात्र बाहेरचा डौल विसरायला होतो. एकच लांबट दालन, छत अगदी साधे, भिंती पांढऱ्या. सगळे सोने समोर. मुख्य वेदीवर मरियामाता, कोरीव लाकडाला सोन्याचा मुलामा. डाव्या हाताच्या वेदीवर क्रुसावरचा येशू, उजव्या हाताला रोझरीची माता. बाजूला संत पेत्र आणि संत पौल यांचे संगमरवरी पुतळे. हे लाकूडकाम करणारे सुतार आणि मूर्तिकार बहुतेक इथलेच, आणि म्हणून गोव्याच्या वेद्यांवरच्या वेलबुट्टीत, देवदूतांच्या गुबगुबीत गालांत आपल्या देवळांच्या गर्भागारातल्या कामाची आठवण येत राहते. हुकूम युरोपचा, हात इथला. हा हात पाहायला शिकणे, हेच गोव्याच्या चर्चचे रसग्रहण आहे असे मी मानते.

एका बाजूला संत फ्रान्सिस झेवियरचे कापेल आहे. पुष्कळ लोक त्याच्यासमोरून पुढे जातात. त्यातली वेदी पणजीच्या जुन्या वाड्यातली, विजरईंच्या खासगी कापेलातली आहे. १९१८ साली गव्हर्नरांचा मुक्काम दोना पावलाजवळच्या काबो राजवाड्यात हलला, वाडा नुसत्या कचेऱ्यांचा झाला, तेव्हा ती वेदी इथे आली. विजरईंच्या त्याच खासगी कापेलातला एक क्रूस तेव्हा फोंतेन्यासच्या संत सेबास्तियांवच्या कापेलात गेला. तो क्रूस आधी जुन्या गोव्यात, इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या, न्यायालयात होता. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झाले तेव्हा तो वाड्यात आणला गेला होता. त्या क्रुसावरच्या येशूची मान खाली झुकलेली नाही आणि डोळे उघडे आहेत. ज्यांनी ते डोळे न्यायालयात पाहिले असतील त्यांच्याबद्दल विचार केल्याशिवाय मला त्या क्रुसासमोरून उठता येत नाही. चर्चच्या खालच्या चौकाजवळ जी बाग आहे, तिला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे. भारतीय औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. ते ज्यू वंशाचे होते, आणि मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशनने त्यांची हाडे उकरून जाळली. एका चौकाच्या आसपास एवढे सारे आहे, आणि पर्यटक पंधरा मिनिटांत निघून जातात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर फातिमा सायबिणीची मूर्ती इथे आली. सोन्याचा, हिरेजडित मुकुट असलेल्या या मूर्तीची ऑक्टोबरच्या तेरा तारखेला मिरवणूक निघते. हातात मेणबत्त्या, त्यांना वाऱ्यापासून राखायला कागदाच्या द्रोण्या, आणि चौकभर हलणारा उजेड. मोठे फेस्त मात्र ८ डिसेंबरचे. त्याआधी नऊ दिवस नोवेना, आणि चर्चखालच्या रस्त्यांवर फेरी भरते. गूळ-आल्याची खाजी, भाजलेले चणे, चिनी मातीची भांडी, प्लास्टिकची फुले, लाकडी पोळपाट. पणजीतली हिंदू घरेही या फेरीची वाट पाहतात; कित्येक घरांत वर्षाचे पोळपाट-लाटणे फेस्तालाच घ्यायचे असते. नवस करणाऱ्यांत तर धर्म विचारायची पद्धतच नाही. सायबिणीपुढे मेणबत्ती लावून, बाहेर येऊन, जाता जाता महालक्ष्मीला ओटी भरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना यात काही विशेष आहे असे वाटतही नाही. सोळाव्या शतकात जे तुटले होते ते याच बायकांनी मुकाट्याने जोडून घेतले.

आता थोडे काळजीचे. गेल्या काही वर्षांत या जिन्यावर इतकी गर्दी होते की मिस चालू असताना बाहेर फोटोसाठी हाका चाललेल्या असतात. एका सकाळी आत अंत्यविधी होता. शवपेटी खांद्यावर घेऊन माणसे जिना उतरत होती आणि खालच्या टप्प्यावर एक जोडपे, हातवारे करून, त्यांना थोडे बाजूने जायला सांगत होते. त्या जोडप्याला दुष्ट म्हणता येणार नाही. हे कुणाचे तरी चर्च आहे, इथे माणसे येतात ती आपल्या मेलेल्या आईला निरोप द्यायला, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. मागे एका मार्गदर्शकाने माझ्या देखत चाळीस जणांच्या गटाला हा जिना पोर्तुगीज राजाने आपल्या राणीसाठी बांधला असे सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. या पुस्तकाचा खटाटोप अशाच वेळी मला अगत्याचा वाटला. दगडाला चुना लागतो तशी वास्तूला खरी माहिती लागते, आणि ती दर वर्षी नव्याने द्यावी लागते.

मी वास्तुविशारद नाही, ख्रिस्तीही नाही. पुढच्या प्रकरणांत जे आहे ते वीस-बावीस वर्षे येत-जात पाहिलेले, जुन्या कागदांशी ताडून पाहिलेले आणि चर्चच्या आवारातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून समजून घेतलेले आहे. पहिल्या भागात चर्चपूर्वीची पणजी आहे, दुसऱ्यात बांधकाम, तिसरा आणि सर्वांत मोठा भाग घंटेचा आहे. नकाशे आणि मापे शेवटी दिली आहेत. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी ती पाने खुशाल सोडावीत. घंटेचा भाग मात्र सोडू नये.

आणि एक विनंती. पणजीला याल तेव्हा आधी थेट या जिन्याकडे येऊ नका. सकाळी लवकर जुन्या गोव्याला जा, पवित्र टेकडीवरच्या त्या अर्ध्या मनोऱ्याखाली उभे राहा आणि वरच्या रिकाम्या कमानीकडे पाहा. तिथून आग्वादला जा, किल्ल्यावरून मांडवीचे मुख पाहा. संध्याकाळी पणजीला या. चपलांचा आवाज न करता जिना चढा, आत उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, आणि तिन्हीसांजेची घंटा होईपर्यंत थांबा.